एकतर्फी काच

कवितावाचनात मला समोरचे चेहरे दिसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लस्टी लेडी’ या नग्ननृत्याच्या क्लबात नर्तकींना तेवढेही नव्हते. नाच काचेआड चाले आणि काही काचा एकतर्फी होत्या. गिऱ्हाईक तिला पाही, ती त्याला पाहू शकत नसे. त्याआडून चोरून चित्रण होऊ लागले, तेव्हा नर्तकींनी युनियन बांधली. त्या काचा निघाल्या; १९९७मध्ये मालकांशी लेखी करार झाला. २००३मध्ये तर कामगारांनीच क्लब विकत घेऊन, आपल्याकडच्या साखर कारखान्यांसारखी, सहकारी संस्था केली. जागेच्या भाड्यावरून ती २०१३मध्ये बंद पडली. धडा मात्र उरला. समोरची आपल्याला पाहते आहे, एवढे कळले तरी माणूस अदबीने बसतो.