खांद्याची अस्थिरता (महाड–पोलादपूर)

खांद्याचा गोळा खोबणीत न टिकता वारंवार निखळणे, अर्धवट सरकणे किंवा निखळण्याच्या धास्तीने हात वापरता न येणे. बोलीत ‘खांदा उतरणे’. खोबण उथळ असल्याने गोळा तिच्या काठावरील कूर्चेच्या कडीवर (लॅब्रम) आणि अस्थिबंधांवर टेकून राहतो. ही कडी पुढच्या बाजूने सुटली की सांधा पुढे निखळतो. शंभरातले सुमारे पंचाण्णव खांदे असेच पुढे निखळतात.

दक्षिण रायगडात याचे ठरलेले ठिकाण म्हणजे कबड्डीचे मैदान. चढाई करणारा मध्यरेषेकडे हात लांबवतो, मागून मनगट ओढले जाते आणि बाहेर वळलेला हात पुढे निसटतो. डोक्यावर भारा धरताना हात याच स्थितीत असतो, म्हणून एकदा निखळलेला खांदा शेतावरही दगा देतो.

पहिल्यांदा खांदा निखळला की हाडवैद्याकडे धाव घेण्याची रीत अजून आहे. एक्स-रेविना हात ओढल्यास लपलेले फ्रॅक्चर सरकू शकते. ओढण्याआधी दंडाच्या बाहेरील त्वचेची संवेदना तपासावी. ती बधिर असल्यास काखेतील मज्जातंतूला इजा झालेली असू शकते. महाड व पोलादपूरला ग्रामीण रुग्णालये आहेत. सांध्यातील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सहसा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते.

निदान बरेचसे हातांनीच होते. रुग्णाला झोपवून दंड बाजूला नव्वद अंशांत घेतात आणि हात सावकाश बाहेर वळवतात. अस्थिर खांद्याचा रुग्ण कळ येण्याआधीच दचकून हात आखडतो. डॉक्टरांनी गोळा पुढून दाबून धरला की चेहरा सैलावतो. एमआरआयमध्ये सुटलेली कडी दिसते, सीटी स्कॅनमध्ये झिजलेले हाड मोजता येते. फिटचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा मागेही निखळू शकतो. समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत तो अनेकदा नजरेतून निसटतो. चाळिशीनंतर निखळलेला खांदा बसवूनही हात वर जात नसेल, तर स्नायूंच्या कंडरा फाटल्याचा संशय घ्यावा. मधुमेहींचा आखडलेला खांदा हा वेगळाच आजार. त्याला शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

लंडनचे शल्यविशारद ब्लंडेल बँकार्ट यांनी 1923 मध्ये कडी सुटण्याच्या इजेचे महत्त्व मांडले. आज दुर्बिणीतून, हाडात छोटे अँकर बसवून ती कडी पुन्हा शिवतात. मात्र प्रत्येक निखळण्यात खोबणीचा काठ झिजतो आणि गोळ्यालाही खाच पडते. काठाचे साधारण पाचवा ते चौथा हिस्सा हाड गेले असेल, तर नुसती शिवण टिकत नाही. तेव्हा लातार्जे पद्धतीने (1954) खांद्याच्या फऱ्याचा चोचीसारखा तुकडा स्नायूंसह खोबणीला स्क्रूने जोडतात. विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता सर्वाधिक असते. तरीही ‘बसवला की झालं’ म्हणत दोन-तीन मोसम खेळून घेतले जातात आणि सोप्या शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार आठवडे झोळी, मग फिजिओथेरपी. अंगाला अंग भिडणारा खेळ साधारण सहा महिन्यांनी. भातकापणी उरकून दिवाळीनंतर शस्त्रक्रिया केली, तर जून-जुलैच्या लावणीपर्यंत हात तयार होतो. कबड्डीच्या स्पर्धांचा मोसम मात्र त्यात जातो. दर आठवड्याला मुंबई गाठणे जमत नाही, म्हणून शस्त्रक्रियेची नोंद आणि हात कोणत्या आठवड्यात किती वळवायचा हे लिहून घेऊन व्यायाम महाडला करावा.