ठासणीच्या बंदुकीची नेमसाधने आणि चाळिशी

ठासणीच्या बंदुकीची नेमसाधने म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरावयाच्या बंदुकीवर नेम धरण्यासाठी बसवलेले भाग होत. नळीच्या तोंडाजवळील उंचवट्यास माशी म्हणतात. चापाच्या बाजूस, नळीच्या मागील भागावर, खाच किंवा छिद्र असलेली पट्टी असते. नेम धरताना माशी, खाच व लक्ष्य एका सरळ रेषेत आणावी लागतात. तरुण डोळ्याला हे सहज जमते, परंतु चाळिशीनंतर, म्हणजे जवळचे पाहण्याची क्षमता कमी झाल्यावर, तीच बंदूक त्याच माणसाच्या हातात अविश्वसनीय ठरू लागते. खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या रावेर, यावल, चोपडा व शिरपूर या तालुक्यांत, रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांचा पिकांना उपद्रव होतो. तेथे हा प्रश्न पीकसंरक्षणासाठी परवाना असलेल्या वयस्क शेतकऱ्यांच्या संदर्भात उद्भवतो.

तीन अंतरांचा प्रश्न

डोळ्यातील नैसर्गिक भिंग आपला आकार बदलून वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तू स्पष्ट करते. या क्षमतेस समायोजन म्हणतात व ती डायऑप्टरमध्ये मोजतात. लहानपणी ती दहा डायऑप्टरहून अधिक असते. चाळिशीच्या सुमारास ती चार-पाचावर येते आणि साठीत जेमतेम एक उरते. भिंग वयानुसार ताठर होत जाते, हे त्याचे मुख्य कारण होय. मराठीत 'चाळिशी' हा शब्द या अवस्थेसाठी आणि तीवरील चष्म्यासाठीही रूढ आहे.

मध्यम लांबीच्या बंदुकीत मागील खाच डोळ्यापासून सुमारे ४५ सेंमी, माशी सुमारे ११० सेंमी आणि लक्ष्य ५० मीटर अंतरावर आहे असे मानू. ही अंतरे स्पष्ट दिसण्यासाठी अनुक्रमे सुमारे २.२, ०.९ व ०.०२ डायऑप्टर लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. तरुण डोळा इतक्या वेगाने मागेपुढे होतो की तिन्ही वस्तू एकदम स्पष्ट असल्याचा भास होतो. साठीतल्या डोळ्याला मागील खाच स्पष्ट करणे शक्यच नसते आणि माशीही ताण दिल्यावरच दिसते.

यांपैकी कोणती वस्तू अस्पष्ट राहिलेली चालेल, यावर पुढील सर्व निवड अवलंबून आहे. वरील बंदुकीत खाच व माशी यांच्यात ६५ सेंमी अंतर आहे. माशी एक मिलिमीटर बाजूला धरली गेली तर ५० मीटरवर गोळी जवळजवळ ८ सेंमी सरकते. लक्ष्याची कड किंचित पुसट दिसल्याने होणारी चूक मात्र अशी गुणाकाराने वाढत नाही. म्हणून माशी स्पष्ट आणि लक्ष्य थोडे पुसट, ही स्थिती उलट स्थितीपेक्षा चांगली मानली जाते. अर्थात लक्ष्य नेमके काय आहे याची खात्री नेम धरण्यापूर्वीच झालेली असली पाहिजे.

जुन्या बंदुकांवरील नेमसाधने

तोड्याच्या देशी बंदुकांची नळी बहुधा लांब असे. त्यामुळे माशी डोळ्यापासून दूर पडे आणि ती वयस्क डोळ्याला सोयीची होई, जरी लांब नळीमागे तसा हेतू असल्याचे दिसत नाही. इ.स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी धरणगाव येथे ठाणे असलेली भिल्ल पलटण उभारली. त्या काळी कंपनीच्या पायदळात प्रचलित असलेल्या चकमकीच्या 'ब्राउन बेस' बंदुकीला मागील खाच नव्हतीच. संगीन अडकवण्याचा खुंटाच माशीचे काम करी. अशा बंदुकीत नेमबाजाचा डोळा हीच मागील खाच असते. दस्त्यावर गाल दर वेळी त्याच जागी टेकला नाही, तर नेम चुकतो. १८५७ च्या उठावाच्या संदर्भात प्रसिद्ध झालेल्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीची लांबी ३९ इंच (सुमारे ९९ सेंमी) होती. तिच्यावर शेकडो यार्डांपर्यंत अंतर लावता येणारी शिडीसारखी उभी पट्टी होती. उठावानंतर हिंदी शिपायांना आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या आणि त्यांवर पुन्हा साधी, न हलणारी पट्टी आली. परवान्यावरील पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका याच साध्या परंपरेतल्या आहेत.

छिद्रनेम

बारीक छिद्रातून पाहिल्यास डोळ्यात शिरणारे किरण मर्यादित होतात आणि जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी पुरेशा स्पष्ट होतात. चष्म्याविना अक्षरे वाचण्यासाठी मुठीच्या फटीतून पाहणारा माणूस हेच तत्त्व वापरतो. मागील खाचेऐवजी असे छिद्र असलेली चकती बसवल्यास चाळिशीचा अडसर मोठ्या प्रमाणात दूर होतो. छिद्राकडे पाहायचे नसते, त्यातून पाहायचे असते. डोळा आपोआप उजळ मध्याकडे वळतो, त्यामुळे तीन वस्तूंऐवजी दोनच जुळवाव्या लागतात. चकती डोळ्याजवळ असावी लागते. म्हणून ती नळीच्या मागील टोकास जोडलेल्या, दस्त्यात बसवलेल्या पट्टीवर लावतात. डोळ्यापासून १० सेंमीवर ती बसवल्यास माशीपर्यंतचे अंतर १०० सेंमी होते आणि वरील एक मिलिमीटरची चूक ५० मीटरवर ५ सेंमीच भरते.

उणीव प्रकाशाची. सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र उन्हात, कागदी लक्ष्यावर उत्तम चालते, पण संध्याकाळी केळीच्या बागेत ते निरुपयोगी ठरते. वयाबरोबर बाहुलीही लहान होत जाते आणि अंधारात पूर्वीइतकी पसरत नाही, म्हणून अडचण दुप्पट होते. शेतात तीन-चार मिलिमीटरचे मोठे छिद्र व पातळ कड अधिक उपयोगी. त्यात स्पष्टता थोडी कमी होते, पण उजेड मिळतो.

चष्मा

वाचनाचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंमी अंतरासाठी असतो. त्यातून लक्ष्य पूर्ण धूसर होते आणि माशीही नीट दिसत नाही. दुभिंगी चष्म्याचा खालचा भागही त्याच अंतराचा असतो. शिवाय गाल दस्त्यावर टेकल्यावर नजर काचेच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यातून जाते.  त्यामुळे नेमबाजीसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करणे हा बहुधा सर्वांत स्वस्त आणि बंदुकीला हातही न लावता होणारा उपाय आहे. दूरच्या नंबरात सुमारे +०.५० ते +०.७५ मिळवतात. उदाहरणार्थ, दूरचा नंबर −२.०० असल्यास −१.५० ची काच घेतात. अशाने नजर माशी व लक्ष्य यांच्या मधल्या अंतरावर स्थिरावते. किंचित लघुदृष्टी असलेल्यास कधीकधी चष्मा काढल्यावर माशी अधिक चांगली दिसते, परंतु उघड्या डोळ्याने ठासणीची बंदूक उडवू नये. रंजकाची ज्वाला किंवा फुटलेल्या टोपीचे तुकडे चेहऱ्याजवळच उडतात. काच पॉलिकार्बोनेटची असणे त्यामुळेच योग्य.

खाच व माशी यांतील बदल

छिद्र बसवणे शक्य नसल्यास मागील खाच पुढे सरकवतात. ती २० सेंमी पुढे नेल्यास लागणारे समायोजन २.२ वरून सुमारे १.५ डायऑप्टरवर येते. मात्र खाच व माशी यांतील अंतर ४५ सेंमी उरल्याने एक मिलिमीटरची चूक ५० मीटरवर ११ सेंमी होते. हा सौदा नेहमीच फायद्याचा नसतो. अरुंद खाच रुंद केल्यास माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या फटी दिसतात आणि कड पुसट असली तरी मध्य साधता येतो. माशी जाड, पितळी किंवा पांढऱ्या ठिपक्याची असल्यास मंद प्रकाशात सापडते. चकाकणारी माशी मात्र तिरप्या उन्हात फसवते, कारण उजळलेली बाजूच मध्य वाटते. नळीच्या मागील भागात दाब सर्वाधिक असल्याने तेथे नवी खाच कोरणे धोक्याचे असते.

दुर्बिणीत लक्ष्य व नेमरेषा एकाच अंतरावर दिसतात, म्हणून चाळिशीचा प्रश्न मुळातच उरत नाही. मुंबई लष्करात नोकरी केलेले डेव्हिड डेव्हिडसन यांच्या नावाची दुर्बीण एकोणिसाव्या शतकात ठासणीच्या व्हिटवर्थ रायफलीवर वापरली गेली. गुळगुळीत नळीच्या बंदुकीवर तिचा खर्च मात्र वाया जातो, कारण गोळीच तितकी नेमकी जात नाही.

कायदा व आरोग्य

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. बंदुकीची दुरुस्ती व फेरफार परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागतात. परवाना असला तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतो आणि रानडुक्कर वा रोही मारण्यास वन खात्याची स्वतंत्र परवानगी लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदारास शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते.

माशीभोवती वलये दिसणे, एकाच डोळ्याने अचानक पुसट दिसणे किंवा सरळ नळी वाकडी भासणे ही चाळिशीची लक्षणे नव्हेत. ती मोतीबिंदू, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या विकाराची असू शकतात. अशा वेळी नेमसाधन बदलण्याआधी नेत्रतपासणी करावी लागते आणि तोवर बंदूक वापरू नये.