भिंत कोणाला अडवते?



मधल्या खोलीत खरखरणारा ट्रान्झिस्टर खिडकीशी नेला की स्वच्छ बोलू लागतो, हे आपण पुष्कळदा पाहिले असेल. मग भिंत या लहरींना अडवते की नाही? हा प्रश्न रेडिओच्याही आधीचा आहे.

१८८७-८८ साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइनरिख हर्ट्झ यांनी विद्युत्-लहरी प्रथम निर्माण केल्या. जस्ताच्या पत्र्यावरून त्या परतल्या. बंद लाकडी दारातून मात्र आरपार गेल्या. सुमारे ६०० किलो डांबराचा त्रिकोणी ठोकळा त्यांनी वाटेत ठेवला. प्रकाशाला अडवणाऱ्या त्या काळ्या ठोकळ्यातून लहरी पार झाल्या आणि भिंगातल्या प्रकाशाप्रमाणे वळल्याही.

पुढचे पाऊल आपल्याच देशात पडले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांच्यापाशी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका साध्या पत्रे-कारागिराकडून त्यांनी उपकरणे घडवून घेतली. १८९५ साली तेथील टाउन हॉलमध्ये त्यांच्या लहरींनी भिंती ओलांडल्या, ७५ फुटांवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. बोस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: डोळ्यांना अपारदर्शक असलेली वीट या लहरींना वाट देते, तर डोळ्यांना पारदर्शक असलेले पाणी त्यांना अडवते.

याचे कारण पदार्थाच्या पोटात आहे. धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन लहरींबरोबर हालतात आणि त्यांना परतवून लावतात. पाण्याचे रेणू त्यांची शक्ती शोषून घेतात. कोरड्या विटेत व लाकडात असा अडसर थोडा असतो; म्हणूनच ओल्या भिंतीपेक्षा कोरडी भिंत बरी.

पुढे सिमेंट-काँक्रीटच्या इमारती आल्या आणि भिंतीत सळ्यांची जाळी शिरली. मध्यम लहरींची लांबी सुमारे ३०० मीटर असते. इतक्या लांब लहरीला वीतभर फटींची जाळी सलग पत्र्यासारखीच वाटते. मोबाइलच्या लहरी त्यापेक्षा खूपच आखूड असतात. त्या काही प्रमाणात फटीतून निसटतात, परंतु जाड काँक्रीटमध्ये क्षीण होतात. ऊन रोखण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेल्या काचाही त्यांना पुष्कळ अडवतात. तेव्हा भिंत 'बंद' की 'खुली' हे केवळ भिंतीवर ठरत नाही. समोर कोणती लहर आहे, यावरही ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, हे पुस्तकात वाचून थांबू नका. चालू ट्रान्झिस्टर आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, मग घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. खोक्यात आवाज दबेल, पण निवेदक बोलत राहील. डब्यात बहुधा नुसती खरखर उरेल. फरक वहीत लिहा आणि कारण शोधा.

आणि पालकहो, स्वयंपाकघरातला डबा थोडा वेळ नाहीसा झाला तर मुलाला रागावू नका. आपल्या शाळेत मोठी प्रयोगशाळा नाही, म्हणून विज्ञान आपल्यासाठी नाही, असे त्याला कधी वाटू देऊ नका. बोस यांचे काम एका पत्रे-कारागिराच्या हातांनी पुढे गेले होते.