‘दुष्काळी ख्रिस्ती’ म्हणणाऱ्यांना

नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज गोऱ्या मिशनऱ्यांनी दुष्काळातल्या धान्यावर वाढवला, असे चांगले शिकलेले लोकही बिनदिक्कत बोलतात. त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. १८७६-७८ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांनंतर बाप्तिस्मे वाढले, हे खरेच. पण कालक्रम पाहा. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ साली. पहिली मंडळी, म्हणजे चर्च, १८३३ची. हरिपंत खिस्तींचा बाप्तिस्मा १८३९चा. ते आणि रामकृष्णपंत मोडक पाळक झाले १८५४ साली. ज्या दुष्काळांचा दाखला दिला जातो, त्यांतला पहिला त्यानंतर बावीस वर्षांनी पडला! शिवाय धान्यवाटप थांबल्यावर माणसे टिकली कशी, याचे उत्तर या मतात सापडत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, धान्य राहू द्या. वडाळ्याचे फेअरबँक, नगरला पन्नास वर्षे राहिलेले ह्यूम, ही या मिशनऱ्यांची पुण्याई. त्यांची निष्ठा मान्य. पण याच ह्यूमनी १८७८ साली नगरला पाळक घडवणारे ईश्वरविज्ञान विद्यालय का काढले? महारवाड्यात, मांगवाड्यात बिऱ्हाड करून राहणारा, पोरांना शिकवणारा, मयताला खांदा देणारा माणूस बोस्टनहून आणता येत नाही, हे त्यांना पुरते उमगले होते. आणि प्रवचनाला न बसणारे गाव कृष्णराव सांगळ्यांच्या ख्रिस्ती कीर्तनाला जमे, ती कलाही इथलीच.

हल्ली नगरची मंडळी दलितांनीच उभारली असे सांगून तिची तुलना अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चशी होते. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली, तेव्हा ही तुलना परकी नव्हे. पण फार ताणू नये. गुलामीत जन्मलेल्या रिचर्ड ॲलनने गोऱ्यांचे चर्च सोडून फिलाडेल्फियात आपल्या माणसांचे चर्च उभे केले आणि मरेपर्यंत त्याची धुरा वाहिली. नगरचे पहिले देशी पाळक, खिस्ती आणि मोडक, मात्र ब्राह्मण. पुढे मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार-मांगांनी, आणि प्रभुभोजनाला सगळे एकत्र बसले. हे सहज घडले नाही; जात चर्चच्या दारात चपलांबरोबर उतरवता येत नाही. म्हणून नगरची मंडळी निखळ दलितांनी उभारली, हे नवे मतही मला अपुरे वाटते.

वाद मिटवायचा तर मिशनच्या इंग्रजी अहवालांवर थांबू नका. गावोगावच्या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या वाळवीने खाण्याआधी उतरवून घ्या, आणि पाळकांची, मास्तरांची नावे त्यांतून वेचा.