भाताची गिरण, एक आंधळा इंजिनिअर आणि आमची एस्टीम



पंचाहत्तरी जवळ आलेली असताना मी माझ्या २००० सालच्या मारुती एस्टीमला क्रूझ कंट्रोल बसवून घेतले. घरात त्यावरून जे महाभारत झाले ते पुढे येईलच. पण गोष्ट सुरू होते भाताच्या गिरणीपासून.

मी पेडण्याचा. गावात वीज यायच्या आधी गिरण डिझेल इंजिनावर चाले. वरून भात ओतले की इंजिनाचा आवाज एकदम जड व्हायचा, वाटायचे आता बंद पडणार, आणि दुसऱ्याच क्षणी ते आपोआप सावरायचे. कोणी हात लावत नसे. गिरणवाल्या मामांना विचारले तर म्हणाले, "आत गव्हर्नर असा." आम्हा पोरांना ठाऊक असलेला गव्हर्नर एकच, पणजीला राहणारा पोर्तुगीज. तो गिरणीत काय करतो हे कोडे कैक वर्षे सुटले नाही. मी पडलो कॉमर्सचा. पुढे बँकेत पंपसेटच्या कर्जाची प्रकरणे करताना कंपनीच्या माहितीपत्रकात तो भेटला.

फिरत्या दांड्यावर दोन वजने. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि इंधन कमी करतात, वेग उतरला की आत येतात आणि इंधन वाढवतात. बस्स, एवढेच. जेम्स वॉटने ही युक्ती वाफेच्या इंजिनाला लावली १७८८ साली, आणि तीही गिरणीतूनच उचललेली. जात्यांमधले अंतर राखायला तसले साधन आधीपासून वापरात होते. (त्याच १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून आमचे पेडणे पोर्तुगिजांकडे गेले. म्हणजे दोन्ही गव्हर्नर एकाच वर्षीचे!)

मोटारीत हीच कल्पना नीट बसवली ती अमेरिकेतल्या राल्फ टीटर यांनी. हे गृहस्थ पाच वर्षांचे असताना अपघातात आंधळे झाले. तरी इंजिनिअर झाले, मोठी कंपनी चालवली. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी व्हायचा, ऐकू लागले की वाढायचा, आणि शेजारी बसलेल्या टीटरना त्या हिसक्यांचा वैताग यायचा असे सांगतात. डोळस माणूस रस्ता बघतो, त्याला हिसके जाणवत नाहीत. त्यांना १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरने ते यंत्र 'ऑटो-पायलट' या नावाने गाडीत दिले. क्रूझ कंट्रोल हे नाव कॅडिलॅकचे. १९७३ ला तेल महागले आणि पेट्रोल वाचवायच्या नादात ते तिकडे घरोघरी पोचले.

आमच्याकडे त्याचा उपयोग तरी काय होता? कोलवाळची नदी फेरीने ओलांडायची आणि पुढे नुसती वळणे. आता पत्रादेवीपासून चौपदरी रस्ता झाला, धारगळहून मोपाच्या सड्यावर विमानतळाला जाणारा रुंद रस्ता २०२४ मध्ये सुरू झाला. लहानपणी जिथे गुरे चरताना पाहिली तिथे विमाने उतरतात. मुलगी रत्नागिरीला. माझा उजवा गुडघा असा की तासभर एक्सिलरेटर दाबून धरला की उतरताना दाराला धरावे लागते. बायकोने निर्वाणीचे सांगितले, "गाडी विका, नाहीतर ड्रायव्हर ठेवा." दोन्ही मला नको होते.

मग भाच्याने परदेशातून एक संच आणून दिला. नव्या गाड्यांत पेडलपासून तारच जाते, तिथे जोडणी सोपी. माझ्या गाडीत केबल. म्हणून एक छोटी मोटर दुसऱ्या केबलने थ्रॉटल ओढते. ड्राइव्ह शाफ्टवर लोहचुंबक बांधला, समोर सेन्सर, त्यावरून डब्याला वेग कळतो. क्लचवर स्विच लागतोच, नाहीतर वेग धरलेला असताना क्लच दाबला की इंजिन किंचाळते. आणि ब्रेक. ब्रेक दाबला की सगळे तत्क्षणी सुटले पाहिजे. आधी विमावाल्यांना कळवले, आरटीओत विचारून आलो. बँकेची सवय, जात नाही.

म्हापशाच्या इलेक्ट्रिशियन पोराने दोन दिवसांत काम केले. पहाटे धारगळच्या रस्त्यावर नेली, बटण दाबले. काही नाही. तारा तपासल्या, फ्यूज पाहिला, डबा उघडला. शेवटी तो गाडीमागे उभा राहून म्हणाला, "काका, मागचे बल्ब बदललात मरे तुम्ही?"

बदलले होते. वर्षभरापूर्वी ब्रेकलाइटला एलईडी लावले होते, उजेड जास्त म्हणून. तो डबा ब्रेकलाइटच्या बल्बमधल्या बारीक तारेतून अर्थिंग मिळते का हे सतत तपासत असतो. बल्ब उडाला किंवा ती वायर तुटली तर अर्थिंग जाते आणि यंत्र वेग धरायलाच नकार देते. एलईडीतून त्याला हवे तसे अर्थिंग मिळत नाही.

पोरगा म्हणाला, "रिले टाकतो, पाच मिनिटांचे काम." तो म्हणत होता ते चाललेही असते. पण रिलेने कायमचे अर्थिंग दिले की ती तपासणीच संपली. पुढे कधी ब्रेककडची वायर तुटली तर डब्याला पत्ता लागणार नाही, मी ब्रेक दाबत राहीन आणि मोटर थ्रॉटल ओढत राहील. छत्तीस वर्षे दुसऱ्याच्या सहीशिवाय तिजोरी उघडली नाही, ते आता उतारवयात कशाला? दुकानातून जुन्या पद्धतीचे दोन बल्ब आणले, तीस-चाळीस रुपयांचे. बटण दाबले. साठावर काटा थांबला. सड्याच्या चढावर इंजिनाचा आवाज जड झाला, आणि सावरला. मी पाय उचलून बसलो होतो. मामांची गिरण आठवली.

पावसात मी ते लावत नाही. ओल्या रस्त्यावर चाक घसरले तरी यंत्र वेग राखायलाच बघते. कणकवलीच्या पुढे रहदारी असली तरी नाही. गाडी विकायचा विषय सध्या मागे पडला आहे, पण निघायच्या आधी बायको गाडीमागे जाऊन उभी राहते. मी ब्रेक दाबतो. दोन्ही दिवे लागले की मगच ती पुढे येऊन बसते.