गुदाशयाचा कॅन्सर : ऑपरेशन, स्टोमा बॅग आणि नमाज

शौचातून रक्त पडले की आपल्या घरांत 'मूळव्याधच असेल' म्हणून महिनोन्‌महिने काढले जातात. त्यामुळे गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या साधारण 15 सेंटीमीटर भागाचा कॅन्सर अनेकदा वाढल्यावरच कळतो.

गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर किंवा जवळच्या लसिका ग्रंथींत गेली, तरी दूर पसरली नसेल तर रोग बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार होतात. एमआरआय करून बहुतेक वेळा आधी रेडिएशन आणि केमोथेरपी देतात. गाठ आकसली की काही आठवड्यांनी ऑपरेशन होते. त्यात गुदाशय आणि त्याभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढतात. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलेल्या या पद्धतीमुळे रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण बरेच घटले.

गाठ वर असेल तर आतडे पुन्हा जोडतात. जोड भरून यावा म्हणून काही महिने पोटावर स्टोमा, म्हणजे मल बाहेर येण्याची वाट ठेवतात. नंतर ती बंद करतात. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत पोहोचली असेल तर गुदद्वारही काढावे लागते आणि स्टोमा कायमचा राहतो.

इथेच अनेकजण अडतात. 'पोटावर पिशवी, मग वजू कसा टिकणार?' म्हणून ऑपरेशन टाळतात आणि तेवढ्यात रोग पसरतो. पण ज्याला मल रोखताच येत नाही, त्याला शरियतने 'माजूर' म्हणून सवलत दिली आहे. हनफी मसलकात प्रत्येक नमाजच्या वक्ताला नवा वजू करतात. आपल्या कोकणातल्या शाफई मसलकात वक्त झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी. पिशवीमुळे नमाज माफ होत नाही आणि बंदही पडत नाही. आपल्या हालतीचा मसला मुफ्तीसाहेबांना जरूर विचारा.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना हे विचारा : स्टोमा तात्पुरता की कायमचा? लघवी आणि वैवाहिक संबंधांच्या नसांना किती धोका आहे? स्टोमाची जागा आधीच आखून घ्या. बसून, वाकून, सजद्यात जाऊन दाखवा, म्हणजे पिशवी पोटाच्या घडीत येणार नाही.

अब्बा-अम्मी लाजेपोटी बोलत नसतील, तर आपणच विचारायला हवे. रक्त पडत असेल तर तपासणी आजच करून घ्या.