ज्वाळांची गाडी आणि १९५५ साल

रॉकाबिलीच्या कार्यक्रमाचं पोस्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बॉनेटवर ज्वाळा रंगवलेली जुनी फोर्ड, डोळे बाहेर आलेला राक्षस, फासे, कवटी. आणि मनात तारीख टाकून आपण मोकळे होतो: १९५५, एल्व्हिसचा काळ. माझ्या संशोधनाचा बराचसा वेळ या तारखेशी भांडण्यात जातो.

त्या काळचं नेहमीचं पोस्टर अगदी साधं असे. पुठ्ठा, गायकाच्या फोटोचा एक ब्लॉक आणि मोठमोठ्या लाकडी खिळ्यांनी छापलेली नावं. नॅशव्हिलचा हॅच शो प्रिंट हा छापखाना १८७९ पासूनचा. सर्कस असो की गाणं, खिळे तेच. दौरा असेल तर वर कोरी पट्टी सोडायची आणि गावागणिक ठिकाण नि तारीख नंतर छापायची. आठवडाभर खांबावर राहणाऱ्या कागदासाठी चित्रकाराला पैसे कोण देणार? गंमत म्हणजे गाण्यांत गाड्या भरपूर होत्या. चक बेरीचं ‘मेबेलिन’ (१९५५) म्हणजे अख्खा गाडीचा पाठलागच.

हॉट रॉडची चित्रकला तिकडे दूर, दक्षिण कॅलिफोर्नियात वाढत होती. जुनी स्वस्त गाडी घ्यायची, जड भाग काढून टाकायचे, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कोरड्या तळ्यांवर पळवायची, हा तिथल्या पोरांचा नाद. केनेथ हॉवर्ड ऊर्फ व्हॉन डच त्यांच्या पत्र्यावर बारीक रेघा ओढायचा. एड रॉथ टी-शर्टांवर गाडीत बसलेले राक्षस काढायचा. त्याचा उंदीर रॅट फिंक १९६३ मध्ये प्लास्टिकच्या खेळण्यातही आला. त्याच वर्षी हॉट रॉड एका गाजलेल्या अल्बमच्या कव्हरवर झळकली, पण तो अल्बम होता बीच बॉइजचा! रॉकाबिलीची लाट तोवर ओसरली होती.

मग सांधा जुळला कधी? १९७६ मध्ये जॉनी कॅशचं एक गाणं आलं: कारखान्यातून वर्षानुवर्षं एकेक भाग चोरून कॅडिलॅक जोडणाऱ्या कामगाराचं. त्यातला ‘सायकोबिली’ हा शब्द न्यूयॉर्कच्या क्रॅम्प्स बँडने उचलून आपल्या जाहिरातीच्या पत्रकांवर घातला. पुढे नव्वदच्या दशकात ऑस्टिनचा फ्रँक कोझिक, कॅलिफोर्नियाचा कूप यांनी स्क्रीन प्रिंटिंगची पोस्टरं गाजवली. जाड काळी रेघ, सपाट भडक रंग. कूपची चित्रं पाहिलीत तर रॉथचे टी-शर्ट लगेच आठवतील.

यात मला खटकतं ते वेगळंच. एल्व्हिसची १९५४ ची पहिली रेकॉर्ड म्हणजे एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं गाणं, दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं. दोन्ही गायली मेम्फिसमध्ये, जिथे तेव्हा शाळाही वर्णानुसार वेगळ्या होत्या. ज्वाळांच्या गाडीतून येणारं १९५५ साल या गावाला वळसा घालून थेट कॅलिफोर्नियाला जातं, आणि क्रुडप मागेच राहतो.

तेव्हा कुणी असलं पोस्टर ‘ओरिजिनल १९५६’ म्हणून दाखवलं, तर हरखून जाण्याआधी छपाई बघा. रंगाचा सपाट थर दिसला, खिळ्यांचा दाब कुठेच नसला, तर किंमत विचारायच्या आधी जरा थांबा.